बिनदामाचें मोल

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या उपनगरांत एक सभा भरली होती. वस्तीच्या मध्यावर असलेल्या मैदानांतून रस्ता काढावा कीं काढूं नये, एवढाच प्रश्न सभेपुढें होता. टेबलावर एक मोठा तक्ता पसरलेला होता. त्यांत जमिनीचा भाव होता, खडी-डांबराचा खर्च होता, आणि रस्ता झाल्यावर गाड्यांचीं रोज किती मिनिटें वांचतील व त्या मिनिटांचे वर्षाकांठीं किती रुपये होतील, याचाहि आंकडा होता. फक्त एक रकाना रिकामा होता. त्याच्या माथ्यावर 'मैदानाचा उपयोग' असें लिहिलें होतें आणि खालीं एक आडवी रेघ ओढलेली होती.

एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "माझ्या घरच्या तीन पिढ्या या मैदानावर खेळल्या. याची किंमत तुम्हांला करतां यावयाची नाहीं. हें मैदान अमूल्य आहे." आम्हीं सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. टाळ्या थांबल्यावर तक्ता तयार करणारा तरुण अधिकारी अगदीं नम्रपणें म्हणाला, "आजोबा, आम्हीहि तेंच म्हणतों. किंमत करतां येत नाहीं, म्हणूनच तेथें रेघ ओढली आहे."

रस्ता झाला. त्या तरुणाला मी आजहि दोष देत नाहीं. दोष द्यावयाचाच तर तो 'अमूल्य' या शब्दाला द्यावा लागेल. मोल करतां येणार नाहीं इतकें थोर, हा त्याचा एक अर्थ. आणि ज्याला मोलच नाहीं तें, हा दुसरा. घरांत बोलतांना आपण पहिला अर्थ मनांत धरतों; परंतु जमाखर्चाच्या वहींत हटकून दुसरा चालतो. बेरीज करतांना रेघ आणि शून्य यांत कोणी भेद करीत नाहीं.

तेव्हां मैदान, डोंगर, नदीचा कांठ, स्वच्छ हवा, अशा ज्या वस्तु बाजारांत विकल्या जात नाहींत, त्यांच्यापासून आपल्याला होणारा लाभ रुपयांत मोजतां येतो काय, आणि मोजला तर त्या आंकड्यावर कितपत विसंबावें, याचा विचार आज आपण थोडक्यांत करूं.

आरंभींच एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दाम आणि मोल या दोन गोष्टी एक नाहींत. भर उन्हांत दोन कोस चालून आलेला माणूस पाण्याच्या पहिल्या पेल्यासाठीं वेळप्रसंगीं दहा रुपयेहि मोजील. पाणपोईवर तो त्याला फुकट मिळतो. त्यानें कांहीं दिलें नाहीं, म्हणून त्याला त्या पाण्यापासून कांहीं लाभ झाला नाहीं, असें कोण म्हणेल? ज्यूल द्यूप्वी नांवाच्या फ्रेंच स्थापत्यविशारदानें १८४४ सालीं हाच विचार पुलांच्या संबंधांत मांडला. पुलावर जकात म्हणून जेवढा पैसा जमतो, तेवढाच पुलाचा उपयोग असें समजणें चूक आहे. पूल ओलांडणारा प्रत्येक इसम अधिकांत अधिक किती देण्यास तयार झाला असता तें पाहावें, त्यांतून त्यानें प्रत्यक्ष दिलेली रक्कम वजा करावी, आणि जें उरेल तो त्याचा निव्वळ लाभ समजावा. पुढें आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथामुळें ही कल्पना सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत तिला 'संतोषाधिक्य' असें भारदस्त नांव आहे.

कल्पना सोपी आहे. अडचण येते ती मोजणींत. तांदळाचा भाव चढला कीं खप किती उतरतो हें दुकानदाराच्या वहीवरून कळतें, आणि त्यावरून लोकांना तांदळाचें मोल किती वाटतें याचा अंदाज बांधतां येतो. परंतु ज्या वनांत शिरण्यास पैसा पडत नाहीं, किंवा सर्वांना सारखाच नाममात्र पडतो, तेथें भावाची चढउतार कोठें शोधावी?

अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याला १९४७ सालीं हाच प्रश्न पडला. त्यानें अनेक तज्ज्ञांकडे विचारणा केली, आणि बहुतेकांनीं असलें मोजमाप होणें नाहीं असें कळविलें. उत्तर कॅरोलिना विद्यापीठांतील हॅरल्ड हॉटेलिंग या गणिती अर्थशास्त्रज्ञानें मात्र जून महिन्यांत एक छोटेंसें पत्र धाडलें. त्यांतील युक्ति अशी: उद्यानाच्या दारावर पैसा पडत नसेल, परंतु दारापर्यंत येण्यास पडतो ना? मग तोच भाव समजा. उद्यानाभोंवतीं वर्तुळें काढा. जवळच्या वर्तुळांतून येणाऱ्याला खर्च थोडा, दूरच्याला अधिक. प्रत्येक वर्तुळांतील वस्तीच्या मानानें किती लोक येतात तें मोजा. खर्च वाढतो तसे येणारे कसे घटतात हें दिसलें, कीं तुम्हांला हवी असलेली चढउतार सांपडली.

आपण एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका डोंगरावर सहलीची जागा आहे आणि तेथें प्रवेश फुकट आहे. डोंगराच्या पायथ्याशीं दहा हजार वस्तीचें एक गांव आहे. तेथून येण्याजाण्यास माणशीं २० रुपये पडतात आणि वर्षाला दर हजार वस्तीमागें ४०० फेऱ्या होतात. दुसरें तेवढेंच गांव कांहींसें दूर आहे. तेथून ६० रुपये पडतात आणि हजारीं २०० फेऱ्या होतात. तिसऱ्या गांवाहून १०० रुपये पडतात आणि तेथून कोणीच येत नाहीं. यावरून काय दिसतें? खर्च १०० रुपयांवर गेला कीं हौस संपते. म्हणजे पायथ्याच्या गांवांतील सर्वांत हौशी माणूस आणखी ८० रुपये देऊनहि आला असता, आणि सर्वांत कमी हौशी माणूस आणखी कांहींहि देता ना. सरासरीनें दर फेरीमागें ४० रुपयांचें सुख त्यांच्या पदरांत फुकट पडलें. त्या गांवच्या एकंदर फेऱ्या ४,०००. सुख झालें १ लाख ६० हजारांचें. दुसऱ्या गांवच्या फेऱ्या २,०००, दर फेरीचें सरासरी सुख २० रुपये. एकूण ४० हजार. दोन्ही मिळून वर्षाला २ लाख रुपये. डोंगराच्या दारावर एक पैसाहि जमला नाहीं. तरी त्या रिकाम्या रकान्यांत लिहिण्यास आतां २ लाखांचा आंकडा आहे.

हॉटेलिंगचें पत्र खात्यानें १९४९ सालच्या अहवालांत छापलें. त्याची सूचना मात्र स्वीकारली नाहीं. पुढें १९५९ सालीं मॅरियन क्लॉसन यांनीं योसेमिटी वगैरे उद्यानांना हीच रीति लावून दाखविली, आणि तेव्हांपासून 'प्रवासखर्चाची पद्धति' म्हणून ती जगभर वापरली जाते. तिच्यांत दोष आहेत. एकाच फेरींत तीन ठिकाणें पाहणाऱ्याचा खर्च कोणत्या ठिकाणाच्या नांवें मांडावा? प्रवासांत गेलेल्या वेळाचे पैसे किती धरावे? जवळच दुसरी तसलीच टेकडी असली तर या टेकडीचें मोल किती कमी लेखावें? या प्रश्नांवर तज्ज्ञांचे वाद झाले आहेत व अजून होतात. तथापि वादाचा विषय आतां आंकडा २ लाख कीं ३ लाख हा असतो. शून्य कोणीच म्हणत नाहीं.

असल्या हिशेबानें प्रत्यक्षांत काय साधतें, याचा एक प्रसिद्ध दाखला सांगतों. अमेरिकेच्या आयडाहो व ऑरेगन या संस्थानांच्या सीमेवर स्नेक नदीची हेल्स कॅनियन नांवाची प्रचंड घळ आहे. तेथें वीज उत्पन्न करण्यासाठीं मोठें धरण बांधण्याची योजना होती. १९६७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें विचारलें, कीं धरण कोणी बांधावें हें ठरविण्यापूर्वीं तें मुळीं बांधावें काय, याचा विचार झाला आहे काय? त्यानंतर जॉन क्रुटिला व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्यांनीं युक्तिवाद असा केला: वीज दुसऱ्या मार्गानेंहि मिळते आणि यंत्रविद्या सुधारेल तशी ती स्वस्तांत मिळेल, म्हणून धरणाचा फायदा वर्षानुवर्ष घटत जाईल. परंतु वाहती रानटी नदी नव्यानें निर्माण करण्याचा कारखाना निघणार नाहीं, आणि ती पाहण्याची हौस मात्र लोकसंख्येबरोबर व सुबत्तेबरोबर वाढत जाईल. मग त्यांनीं उलट हिशेब मांडला. धरणाच्या फायद्याला तोड होण्यासाठीं नदी जशीच्या तशी ठेवण्याचा लाभ पहिल्या वर्षीं किती असला पाहिजे? उत्तर आलें, सुमारें ८० हजार डॉलर. आणि शिकार, मासेमारी व नौकाविहार यांचा प्रत्यक्ष लाभ किती निघाला? सुमारें ९ लाख डॉलर. त्या घळीच्या सौंदर्याला कोणी किंमत लावली नव्हती. तशी लावण्याची गरजच पडली नाहीं. १९७५ सालीं कायद्यानें ती घळ राखून ठेवण्यांत आली व धरण झालें नाहीं. हा निकाल एका आंकड्यानें लागला असें मी म्हणत नाहीं. लोकांची चळवळ होती, न्यायालय होतें. परंतु रकाना रिकामा नव्हता, एवढें खरें.

आतां दुसरी रीति पाहूं. ही आपल्या मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. जागा शोधीत फिरलेला प्रत्येक गृहस्थ ती जाणतो. दोन बिऱ्हाडें सारख्याच खोल्यांचीं, सारख्याच मजल्यावरचीं. परंतु एकाची खिडकी शिवाजी पार्कवर उघडते आणि दुसऱ्याची मागच्या गल्लींत. दोहोंच्या किंमतींत जें अंतर पडतें, तें विटांचें नसून हवेचें व हिरवळीचें असतें. अनेक घरांच्या किंमती गोळा करून, खोल्या, मजला, बाजाराचें अंतर इत्यादि इतर कारणांचा भाग गणितानें वेगळा काढला, म्हणजे स्वच्छ हवेसाठीं लोक किती मोजतात तें उरतें. रिडकर व हेनिंग यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहराच्या धुराविषयीं असा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथें हवेंत गंधकाच्या धुराचें प्रमाण अधिक, तेथें घरांच्या किंमती कमी आढळल्या. म्हणजे गिरणीच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुराचा दंड शेजारचा घरमालक न कळत भरीत असतो. या रीतीचा दोष उघड आहे: जें माणसाला ठाऊक नाहीं त्याचा भाव तो कसा लावील? डोळ्यांना न दिसणारें, नाकाला न कळणारें विष घराच्या किंमतींत उतरत नाहीं.

या दोन्ही रीति माणसाच्या कृतीवरून त्याच्या मनाची परीक्षा करतात. परंतु कांहीं मोल असें असतें, कीं तें कोणत्याच कृतींत उमटत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळ जण हिमालयांत कधीं गेले नाहींत व जाणारहि नाहींत. तरी तेथील हिमनद्या वितळत आहेत असें ऐकून मनाला चटका बसतोच. ती वस्तु आहे, नातवंडांसाठीं राहील, एवढ्यांतच समाधान असतें. क्रुटिला यांनीं १९६७ सालच्या आपल्या एका निबंधांत या समाधानाला अर्थशास्त्रांत जागा करून दिली. तें मोजण्याचा एकच मार्ग राहतो, आणि तो म्हणजे लोकांना सरळ विचारणें.

या प्रश्नोत्तराच्या पद्धतीची खरी कसोटी १९८९ सालीं लागली. मार्च महिन्यांत एक्सॉन वाल्डीझ हें तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर खडकाला लागलें आणि सुमारें ४ कोटि लिटर तेल समुद्रांत सांडलें. पक्षी मेले, सागरी मांजरें मेलीं; कोळ्यांचें नुकसान हिशेबांत धरतां येत होतें, परंतु जे अमेरिकन नागरिक कधींच त्या किनाऱ्यावर जाणार नव्हते, त्यांचें कांहीं नुकसान झालें कीं नाहीं? अभ्यासकांनीं देशभर घरोघर जाऊन विचारलें, कीं पुन्हा असा अपघात होऊं नये म्हणून कर बसविला तर तुम्ही किती रकमेपर्यंत मत द्याल? उत्तरांचा मध्य कुटुंबामागें सुमारें ३१ डॉलर निघाला. सर्व कुटुंबांचा मिळून २८० कोटि डॉलर. यावर मोठा गहजब झाला. तोंडानें सांगितलेले पैसे आणि खिशांतून काढलेले पैसे एक कसे मानावे, असा विरोधकांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. तेव्हां सरकारनें केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या दोन नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पंडितांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. १९९३ सालीं तिनें निर्णय दिला, कीं ही पद्धति योग्य दक्षता घेऊन वापरल्यास न्यायालयांत विचाराचा आरंभ करण्याइतकी विश्वसनीय आहे. दक्षता कोणती? प्रश्न समक्ष विचारावा. 'किती द्याल' असें मोघम न विचारतां 'इतके द्यावे लागले तर होय कीं नाहीं' असें विचारावें. आणि हे पैसे दिल्यावर घरखर्चाला तेवढे कमी पडतील, याची उत्तर देणाऱ्याला आठवण करून द्यावी. आपल्या गृहिणींना हा तिसरा नियम कोणत्याहि समितीनें शिकविण्याची गरज नाहीं.

ही पद्धति आपल्याकडेहि वापरली गेली आहे. मुंबईच्या ऐन वस्तीला लागून शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेलें बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आपल्या परिचयाचें आहे. कान्हेरीचीं लेणीं त्यांतच आहेत, शहराला पाणी देणारे तुळशी व विहार हे तलावहि त्यांतच आहेत. हें उद्यान नीट राखण्यासाठीं मुंबईकर किती देतील, याचा अभ्यास १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर निघालें, दर कुटुंबामागें महिना साडेसात रुपये, पांच वर्षेंपर्यंत. साडेसात रुपये! ऐकून हंसूं येईल. परंतु अवघ्या शहराच्या कुटुंबांनीं गुणून त्याची आजघडीची रक्कम काढली, तेव्हां ती १०३ कोटि रुपयांवर गेली. आणि उद्यानाचा त्या वेळचा खर्चाचा अंदाज होता सुमारें १ कोटि ७० लाख. राखणदाराच्या पगाराला पैसे नाहींत म्हणून जेव्हां आपण ऐकतों, तेव्हां हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे.

श्रोतेहो, येथवर मी या पद्धतींची वकिली केली. आतां उलट बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर मी आपली दिशाभूल केली असें होईल.

या सर्व रीति मनुष्याची इच्छा त्याच्या खिशावरून मोजतात. मोटारींतून येऊन हजार रुपये खर्चणाऱ्या गृहस्थाचें सुख तक्त्यांत ठळक उमटतें; शेजारच्या चाळींतून अनवाणी येणाऱ्या पोराचें पुसट उमटतें, मग तें पोर त्या मैदानावांचून दुसरीकडे कोठेंहि खेळूं शकत नसलें तरी. बोरिवलीच्या वनांत वारली वगैरे आदिवासींचे पाडे आहेत. दारांतून आंत येणाऱ्यांची मोजणी होते; पिढ्यान्‌पिढ्या आंतच राहणाऱ्यांची प्रवासखर्चाच्या रकान्यांत कोठेंच नोंद होत नाहीं. शिवाय प्रश्न कसा विचारला यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. 'हें रान राखण्यासाठीं तूं काय देशील?' असें गरिबाला विचारलें, तर तो जवळ असेल तेवढेंच सांगेल. 'हें रान सोडण्यासाठीं तूं काय घेशील?' असें विचारलें, तर कदाचित् तो कोणतीच रक्कम सांगणार नाहीं. पहिल्या प्रश्नांत रान दुसऱ्याचें ठरतें, दुसऱ्यांत त्याचें. यांतला कोणता प्रश्न विचारावा हें गणित सांगत नाहीं. तें न्यायानें ठरवावें लागतें, आणि तें ठरल्यावरच गणिताला आरंभ होतो.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच, कीं असला आंकडा साक्षीदार म्हणून कचेरींत उभा करावा. त्याला न्यायासनावर बसवूं नये. साक्षीदार कधीं अडखळतो, कधीं अर्धेंच सांगतो. उलटतपासणींत त्याचे दोष बाहेर काढावे. परंतु ज्या बाजूला साक्षीदारच नाहीं, ती बाजू कितीहि खरी असली तरी तिचा दावा बहुधा बुडतो.

आमच्या त्या सभेची मला अलीकडे वारंवार आठवण होते. आम्ही टाळ्या घेऊन गेलों होतों. वही घेऊन कोणी गेला नव्हता. एक आठवडाभर रोज संध्याकाळीं मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर चार जण बसले असते, मुलें किती येतात, म्हातारे किती बसतात, कोण किती दुरून चालत येतो, मैदान गेल्यास कोठें जाल व त्याला किती पडेल, एवढें त्यांनीं टिपून घेतलें असतें, तरी त्या रेघेच्या जागीं कांहीं लिहितां आलें असतें. मैदान वांचलेंच असतें असें मी छातीला हात लावून सांगूं शकत नाहीं. पण तें हरवलें तेव्हां आपण किती हरवलें, हें निदान त्या तक्त्यावर लिहिलेलें राहिलें असतें. आणि पुढच्या मैदानाच्या वेळीं तो कागद कोणाच्या तरी उपयोगीं पडला असता.

आपल्याहि गांवीं असें एखादें मैदान, एखादी टेकडी, एखादा नदीकांठ असेल. पुढची सभा भरण्यापूर्वीं एक वही घेऊन तेथें चार संध्याकाळीं बसा, इतकीच आपणांस विनंति.